खिंडीचा दरवाजा

चौकहून खोपोलीकडे निघालं की जुन्या हायवेला लागून एक वजनकाटा आहे. खडीचे डंपर, भंगाराचे टेंपो, कधी पेंढ्यानं डोलणारी गाडी त्या लोखंडी पाट्यावर चढते आणि काचेच्या खोलीतून पोपट बडेकर पावती पुढे सरकवतात. माझी त्यांची ओळख तिथलीच. माझ्या वीटभट्टीच्या गाड्या तिथं वजनाला जातात. ही हकिकत त्यांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितली, अर्धी बोलून, अर्धी कागदावर.

कागदावर अशासाठी, की पोपटरावांना ऐकू येत नाही. खालापूरकडच्या एका रोलिंग मिलमध्ये, लोखंडी सळ्यांच्या धडधडत्या कारखान्यात, त्यांनी एकोणीस वर्षं काढली. मिल बंद पडली तोवर डावा कान पार गेला होता आणि उजव्यात थोडंसं उरलं होतं. कानाचं यंत्र आणलं, पण ते लावलं की हायवेवरचे हॉर्नच मोठे व्हायचे, माणसाचं बोलणं त्यात बुडून जायचं. मग ते कपाटात गेलं. लोक सुरुवातीला ओरडून बोलत. पुढे कामापुरतं बोलू लागले. पोपटराव तर न ऐकताच मान हलवायचे. समोरच्याला चार वेळा सांगायला लावायची त्यांना लाज वाटे.

त्यांची मुलगी प्राची कर्जतला कॉलेजात शिकते. एका सुट्टीत ती डबा घेऊन काट्यावर आली आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं वडिलांना एक खेळ लावून दिला. त्या मशीनवर दुसरं काही चाललंच नसतं. या खेळात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. प्रत्येकाला एक राज्य मिळतं, त्यात गावं, कोठारं, गढ्या, सैनिक. दर सहा तासांनी एक पाळी येते आणि काय घडलं ते चार ओळींत लिहून येतं. उत्तरेच्या जंगलात राक्षस दिसला. धान्य कमी झालं. अमक्याचं सैन्य निघालं. जगभरची हजारो माणसं हा खेळ खेळतात आणि एकमेकांना पत्रं पाठवतात.

प्राचीला आठवड्यात कंटाळा आला. पोपटराव मात्र त्यातच रमले. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण मिलमध्ये मशीनची पुस्तकं अक्षरं जुळवून वाचलेली होती. आपल्या राज्याला त्यांनी समोर दिसणाऱ्या डोंगराचं नाव दिलं, प्रबळ. लढायांत त्यांना रस नव्हता. ते भातशेती वाढवत, कोठारं भरून ठेवत आणि उपाशी पडलेल्या नव्या खेळाडूंना धान्य धाडत. लोक त्यांना पत्रं लिहीत, आणि त्या पत्रांना कान लागत नव्हते.

प्रबळच्या शेजारच्या राज्याचा राजा स्वतःला 'ओल्ड हेरॉन' म्हणवायचा. हेरॉन म्हणजे बगळा, असं प्राचीनं सांगितलं, तेव्हापासून पोपटरावांच्या तोंडी तो बगळाच. इंडोनेशियात कुठंतरी फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. त्याचंही इंग्रजी मोडकंच, म्हणून दोघांची छान गट्टी जमली. इंजिनाच्या खोलीत राहून त्याचेही कान अधू झाले होते. आपल्या कानांबद्दल पोपटराव घरच्यांशीही कधी बोलले नव्हते, त्याला मात्र सगळं लिहिलं. तीन वर्षं रोज एक तरी पत्र यायचं.

दोन राज्यांच्या मधे एक खिंड होती आणि खिंडीला दरवाजा. एकमेकांना विचारल्याशिवाय तिसऱ्याला तो उघडून द्यायचा नाही, असा दोघांचा करार होता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये 'काळी शिंगं' नावाच्या मोठ्या टोळीचं पत्र आलं. चाळीस खेळाडूंची टोळी. त्यांना बगळ्याच्या मिठाच्या खाणी हव्या होत्या. एका पाळीपुरता दरवाजा उघडा, तुमच्या राज्याला हात लावणार नाही, वर आमच्या दरबारात जागा देऊ, असं त्यांनी लिहिलं होतं.

"मी घाबरून उघडला आसं लोकांना वाटंल," पोपटराव मला म्हणाले. "तसं नव्हतं. दरबारात चाळीस माणसं बोलत बसत्यात, आसं मी ऐकलं व्हतं. मला तिथं बसायचं व्हतं."

दुपारची वेळ होती. काट्यावर तीन डंपर रांगेत उभे होते. पहिल्याची पावती दिली, दुसरा पाट्यावर चढेपर्यंत त्यांनी खेळात खिंडीच्या दरवाज्यापुढचं बटण दाबलं आणि पुन्हा वजनाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडून बसले तर ओळ आली होती. ओल्ड हेरॉनचं राज्य पडलं. गावं शिल्लक, शून्य.

खाली बगळ्याचं पत्र होतं. दरवाजा कसा उघडला, एवढंच त्यानं विचारलं होतं.

पोपटरावांनी लिहिलं, मी झोपलो होतो. पहारा फितूर झाला असेल.

तासाभरात उत्तर आलं. ठीक आहे मित्रा, तुझा काही दोष नाही, सांभाळून राहा. त्यानंतर बगळ्याच्या नावापुढे 'खेळ सोडला' असं दिसू लागलं.

दरबारात पोपटरावांना जागा मिळाली, पण तिथं कुणी बोलत नव्हतं. वरून हुकूम यायचे. इतकं धान्य पाठवा, इतके सैनिक पाठवा. कुणी कुणाची विचारपूस करत नव्हतं. एकदा पोपटरावांनी लिहिलं, आज आमच्याकडे फार ऊन आहे. त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

त्यांचं जेवण कमी झालं. पंधरा दिवस पाहून बायकोनं, नम्रतावहिनींनी, एका रविवारी त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढली.

"काय झालंय तुमाला? काट्यावर कुणी बोललं का?"

पोपटरावांनी सगळं सांगितलं. खेळ, खिंड, बगळा. वहिनींना अर्धं कळलं, अर्धं नाही.

"अवो, पण खेळातच केलं ना?" त्या म्हणाल्या. "आमी लहानपणी पत्त्यांत किती लबाड्या केल्या."

"दरवाजा खेळात उघडला," पोपटराव म्हणाले. "खोटं बोललो ते खेळात नाय. तो माणूस खरा हाय गं. मला सांभाळून राहा म्हणाला."

वहिनींनी खुर्ची आणखी जवळ घेतली. मग म्हणाल्या, "मग त्याला खरं सांगा. आणि आमालाबी सांगत जा. मी बोलते तवा तुमी मान हलवता, ऐकलेलं नसतं. मला कळतंय ते. चार वर्षं कळतंय."

त्या दिवशी दोघं बराच वेळ बोलत बसली. उजव्या कानाशी तोंड नेऊन वहिनींचा घसा बसला, तेव्हा त्यांनी पुढचं प्राचीच्या वहीत लिहिलं. ते पान पोपटरावांनी मला दाखवलं नाही.

पत्र लिहायला प्राची बसली. "पप्पा, चुकून बटण दाबलं असं लिहूया का?" तिनं विचारलं. "म्हणजे त्याला कमी वाईट वाटेल."

"चुकून नाय दाबलं. मुद्दाम दाबलं. तसंच लिही."

मी दरवाजा उघडला. मला तुझ्या शत्रूंच्या दरबारात बसायचं होतं. नंतर तुझ्याशी खोटं बोललो. माफी मागतो. एवढंच पत्र. ते बगळ्याच्या बंद पडलेल्या खात्यावर पाठवलं, आणि खेळातल्या सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावरही लावलं. तिकडून तरी कुणी त्याच्यापर्यंत पोचवेल, असं त्यांना वाटलं.

फळ्यावर लोकांनी पोपटरावांना भरपूर शिव्या दिल्या. काळ्या शिंगांनी त्यांना दरबारातून काढलं आणि दोन पाळ्यांत प्रबळ लुटून नेलं. तीन वर्षांची कोठारं गेली, एक गाव उरलं. पोपटराव ते सांगताना हसले. "दरबारातून काढलं तवा बरंच वाटलं," ते म्हणाले. "जेवलो त्या दिवशी पोटभर."

घरात मात्र फरक पडला. ऐकू आलं नाही की ते आता तसं सांगतात. काट्याच्या खिडकीला त्यांनी एक पाटी आणि खडू टांगला. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मला कमी ऐकू येतं. लिहून सांगा.' पहिले काही दिवस ड्रायव्हर लोक नुसते गाडीचे नंबर लिहीत. मग एकानं लिहिलं, घाटात ट्रॅफिक आहे काका. दुसऱ्यानं आपल्या बायकोला मुलगा झाल्याचं लिहिलं. कोंडाण्याचा जगदीश म्हणून एक टेंपोवाला आहे, तो पाटीवर चिन्हं काढतो आणि पोपटरावांनी अर्थ ओळखायचा.

बगळ्याचं उत्तर यायला पाच महिने लागले. ते मी वाचलंय. त्यानं लिहिलं होतं की पत्र मिळून दोन महिने झाले, पण राग जात नव्हता. राज्य गेलं त्याचा राग नाही. मी तुला दोष नाही म्हणालो आणि तू ते मुकाट मान्य केलंस, त्याचा राग आहे. मी पुन्हा खेळतो आहे, नकाशाच्या दुसऱ्या टोकाला. तुझ्याशेजारी राज्य घेणार नाही आणि खिंडीचा करारही करणार नाही. शेवटी एक ओळ होती. माझा उजवा कानही आता गेला. तू दिवस कसा काढतोस ते लिही.

पोपटरावांनी ते पत्र दोनदा वाचलं. एक डंपर येऊन उभा राहिला, त्याचं वजन घेतलं, पावती दिली. मग खुर्ची पुढे ओढली आणि प्राचीची वाट न पाहता स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत लिहायला घेतलं. खिडकीला टांगलेल्या पाटीपासून सुरुवात केली.