अप्पांचे घड्याळ आणि राहुकाळ

समईला काजळी धरते, तसे भजनी मंडळाला किस्से धरतात. रोज पुसावे, रोज नवे! आमचे मंडळ मद्रासच्या टी. नगरातले, तंजावरकडून आलेल्या मराठी घरांचे. किस्से बहुतेक सेतुमाधवरावांच्या घड्याळाचे.

त्यांचे वडील, अप्पा, जाताना एवढेच म्हणाले, "घड्याळ थांबू देऊ नकोस." सेतुमाधवरावांनी ती आज्ञा मानली. घरात दुसरे घड्याळही येऊ दिले नाही. अप्पांचा अपमान होईल!

* * *

ते घड्याळ फक्त सणाला हातावर चढे. एरवी दमट हवेपासून जपण्यासाठी तांदळाच्या डब्यात राही. रोज स्नानानंतर काढून किल्ली द्यायची, पुन्हा पुरायचे.

एकदा नैवेद्याचे तांदूळ संपले. त्यांच्या पत्नी रुक्माबाईंनी तोच डबा सुपात ओतला आणि ओरडल्या, "अहो, लोकांच्या तांदळात खडे निघतात, आपल्यात अप्पा निघाले!"

* * *

सेतुमाधवराव तंजावरला गेले. तिथून घरी रुक्माबाईंना ट्रंक कॉल केला.

"किल्ली दिलीस?"

"दिली."

"पूर्ण?"

"पूर्ण जुडगा दिला! शेजारच्या मामींकडे."

बोलण्यात संदिग्धता नसावी. तीन मिनिटांचा कॉल असेल तर मुळीच नसावी.

* * *

सणाच्या प्रवचनात सेतुमाधवराव घड्याळ कानाशी धरून बसले होते. बुवांनी विचारले, "काय ऐकता?"

"अप्पांना."

बुवा गहिवरले. "काय सांगतात?"

"किल्ली दे म्हणतात!" आणि ते आधी स्नान करायला उठून घरी गेले.

* * *

मंडळातल्या रघुपतिरावांनी ऑटोमॅटिक घड्याळ घेतले. हात हलला की त्याला आपोआप किल्ली बसते. पण रघुपतिराव निवृत्त! घड्याळ दुपारपर्यंत बंद. पत्नी म्हणाली, "घड्याळ बरं आहे ओ, हात बिघडलाय."

त्यांनी टाळ हाती घेतले. तेव्हापासून आमच्या भजनाची लय दुप्पट झाली. भक्तीला निमित्त कोणतेही चालते.

* * *

एका रविवारी सेतुमाधवरावांना ताप भरला आणि किल्ली राहिली. सोमवारी सकाळी मी समाचाराला गेलो, तर घड्याळ तळहातावर धरून बसलेले. टिकटिक क्षीण.

"किल्ली द्या!" मी म्हणालो.

"अय्यय्यो! सोमवार आहे ओ. साडेसात ते नऊ राहुकाळ. आत्ता आरंभ करू?"

"चालत्या घड्याळाला किल्ली देणे हा आरंभ नव्हे."

"शास्त्राधार?"

मी आधार आठवू लागलो. तेवढ्यात घड्याळ थांबले.

आता किल्ली देणे हा निःसंशय आरंभ होता. मीही नाही म्हणू शकलो नाही. सेतुमाधवरावांचे डोळे भरले. "राहुकाळ सरला की लगेच देतो, अप्पा," ते म्हणाले. मी घड्याळ बाळगत नाही. त्यांनी मला हाताला धरून बसवून ठेवले.

ऊन ओसरीवरून उतरले. समोरची शाळा जेवायला सुटली. रुक्माबाईंनी केळीची पाने मांडली. "उठा, रसम निवतंय."

सेतुमाधवरावांनी घड्याळ डोळ्यांशी नेले.

"काय घाई आहे? पावणेआठ तर वाजलेत!"