दहा लाख तीन

गणित शिकवणाऱ्या माणसाने गूढ अनुभवांच्या या सदरात लिहावं याचं मलाच हसू येतं. भूतखेत, अंगात येणं… असलं काही सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर वेड्यात काढत आलोय. आता तुम्ही मला काढा, हरकत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मोताळ्याला हायस्कूलवर होतो, बाजाराच्या रस्त्यावर दोन खोल्या घेऊन राहायचो. बायको वच्छला धामणगाव बढ्याची, शाळेचं तोंड न पाहिलेली. मक्याची कणसंसुद्धा वीस-वीसने मोजायची. ‘तीन इसा न् चार’ म्हणजे तिचे चौसष्ट. मी चिडवलं की म्हणायची, “मोजल्याशी मतलब.”

त्या उन्हाळ्यात तिला मेंदूज्वर झाला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. ती नुसती पडून असायची — ना ओळख, ना शब्द. तिची आई येऊन राहिली होती.

एका दुपारी वच्छला स्पष्ट म्हणाली, “दहा लाख तीन.”

वातात बरळतेय, असं मी धरलं. पण सवय वाईट… भाग घालून बघितला. दोनपासून हजारापर्यंत कशानेच जाईना. म्हणजे मूळ संख्या; एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. मलाही ती ठाऊक नव्हती. योगायोग म्हटलं. काही दिवसांनी ती म्हणाली, “दहा लाख तेहेतीस.” तीही मूळ. मधली एकही तशी नाही, मी एकेक तपासली. मग दहा लाख सदतीस. मग एकोणचाळीस. एकही गाळली नाही.

मला भीती नाही वाटली, आशा वाटली. मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे मी दरवर्षी फळ्यावर सिद्ध करायचो. म्हणजे हिला पुढची बोलावीच लागणार…

आणि ती गप्प झाली. मी भागाकार करत सुटलो. दहा लाख एक्केचाळीस, दहा लाख त्रेचाळीस, दहा लाख एक्कावन्न — सगळ्यांना भाग जात होता. पुढची होती थेट दहा लाख एक्याऐंशी. मला केवढं हायसं वाटलं. पल्ला लांबचा आहे, म्हणून बोलत नाही! सासूबाईंनाही तेच समजावलं.

“जवाईबापू, ते आकडे काऊन मांडून राह्यले?” त्या म्हणाल्या. “तिच्या घशाखाली पाणी उतरून नाही राह्यलं.”

मी उशाशी बसलो, तिच्या कानाशी तोंड नेलं. “वच्छला, दहा लाख एक्याऐंशी. म्हण.” पुन्हा म्हणालो. पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

शेवटी सासूबाईंनी पुढे होऊन तिचे डोळे मिटले. “गेली वच्छी. कवाचीच गेली. तुमी बोलून राह्यले होते, म्हनून मी चूप होती.”

नंतर पुष्कळ जाणकारांना विचारलं. तुमचं शिकवणंच तिच्या कानावर पडलं असेल, म्हणतात. पण जे मलाच माहीत नव्हतं, ते माझ्याकडून कसं पडेल?

निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे. पुढच्या कितीतरी काढून झाल्या. सापडली की मोठ्याने म्हणून बघतो. घरात कोणी नसतं.