कानबाईची शपथ

गोडादरा या शहरी वस्तीतल्या आमच्या गल्लीत कानबाई देवीचा उत्सव आमच्याच घरी बसतो. श्रावणात चार गल्ल्यांतल्या खान्देशी बायका येऊन रात्र जागवतात. आई घरी बसून साड्यांना लेस लावायची, भाषण तिने कधी केलं नव्हतं. तरी महापालिकेची जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा एका पक्षाने तिलाच तिकीट दिलं.

प्रचार सुरू झाला तसा पक्षाचा कार्यकर्ता घरी आला. आमच्याच तालुक्यातला माणूस. देवघरात कानबाई म्हणून पुजलेल्या नारळाकडे बघत म्हणाला, "ताई, हा घेऊन घरोघर फिरू. बायकांनी हात ठेवून शपथ घेतली की मत पक्कं."

आई चिडली की अहिराणीवर येते. "कानबाई मनी माय शे," ती म्हणाली. "आई आहे ती माझी. तिला मतं मागायला लावणार नाही."

तो हसला, चहा पिऊन गेला. आम्हाला वाटलं, विषय मिटला.

मतदान दोन दिवसांवर आलं होतं. दुपारी पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी आली. तिच्या सुनेने दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. मत द्यायचं होतं समोरच्या पक्षाच्या बाईला, कारण गल्लीत नळ तिने आणला होता. पण हातून शपथ घेतली गेली होती.

"कसली शपथ?" आईने विचारलं.

"तुमच्या नारळावर ना! तुमची माणसं लाल कपड्यात गुंडाळून घेऊन आली होती."

आमचा नारळ तर देवघरातून हललाच नव्हता. बाजारातला कुठला तरी नारळ आमचा म्हणून फिरवला होता.

आईने हातातली लेसची साडी तशीच टाकली. मी स्कूटी काढली. त्या गल्लीत उतरून तिने बायकांना ओट्यावर बोलावलं.

"तो नारळ आमचा नाही. आणि असता तरी अशी शपथ मी मानत नाही. ज्याला द्यायचं त्याला मत द्या. कानबाईला राग आलाच, तर तो माझ्यावर येऊ दे."

कार्यकर्ता धावत आला. "ताई, स्वतःच्या हाताने सीट घालवताय!"

"जाऊ दे," आई म्हणाली.

ती सून दारात उभी होती. हळूच म्हणाली, "मामी, मग मी तिला दिलं तर चालेल?"

"दे ना. नळ तिनेच आणला ना?"

सून आधी रडली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. सासू तिला जेवायला आत घेऊन गेली.

आई हरली. बऱ्याच मतांनी. मतमोजणीहून आई, वडील आणि मी रिक्षाने परतत होतो. आता घरी रडारड होणार, असं मी धरूनच चालले होते. पण घरी येताच तिने हातपाय धुतले, दिवा लावला आणि बराच वेळ देवघरापुढे बसली. उठली तेव्हा चेहरा मोकळा होता.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"काहीच नाही गं. महिनाभर हात जोडले की मतंच डोळ्यांपुढे यायची. आज फक्त तिच्याकडे बघत बसले." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "भूक लागलीय. खिचडी टाकू?"