हेडमास्तरीणबाईंची एंडोस्कोपी

आमच्या एंडोस्कोपीच्या खोलीत राज्य सिस्टरचं. नळी मी घालतो, पण पेशंट ऐकतो तिचं. "उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटी! तोंडात काही टाकलंत तर परत पाठवीन," असा दम ती भल्याभल्यांना भरते आणि लगेच त्यांच्या पाठीवरून हातही फिरवते. तिच्या माघारी आम्ही तिला हेडमास्तरीण म्हणतो. तिला ते ठाऊक आहे.

अशी ही बाई कितीतरी महिने स्वतःचं दुखणारं पोट दाबून कामावर येत होती. विचारलं की, "ॲसिडिटी हो, दुसरं काय!" शेवटी तिच्या नवऱ्यानेच मला खरं काय ते सांगितलं. तिची आई पोटाच्या कॅन्सरने गेली होती. हिला नळीची नाही, नळीतून काय दिसेल याची धास्ती होती. मी भडकलो, चांगला ओरडलो तिच्यावर. तेव्हा कुठे बाई टेबलावर आडव्या झाल्या.

झोपेचं इंजेक्शन साफ नाकारलं. "स्क्रीन इकडे फिरवा. मला बघायचंय."

नळी घशाखाली उतरली. अन्ननलिका स्वच्छ, जठर छान गुलाबी. आणि तळाशी एक काळा, चकचकीत डाग. सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. खोटं कशाला बोलू, मलाही तिच्या आईचं दुखणंच आठवलं.

मी पाण्याचा फवारा सोडला. डाग हलला. आणखी एक फवारा मारला, तर पठ्ठ्या उलटा होऊन तरंगायलाच लागला. काळ्या द्राक्षाचं साल!

"सिस्टर, सकाळी द्राक्षं?"

तोंडात नळी, बोलणार काय? कान मात्र लाल झाले. लेकीचा डबा भरताना दोन द्राक्षं सवयीने तोंडात गेली होती म्हणे.

पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीलाच खरा चोर सापडला, एक छोटा अल्सर. जठरातून काढलेल्या कणभर तुकड्याच्या चाचणीत अल्सर करणारे जंतूही निघाले. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं.

हे सांगितलं तर सिस्टर पुन्हा रडायलाच लागली. मी घाबरलो. "अहो, आनंदाची बातमी आहे!"

"तेच तर," ती डोळे पुसत म्हणाली. "आई ज्या वयात गेली, ते मला पुढच्या महिन्यात लागतंय. त्याच्या पुढचं मी काही ठरवलंच नव्हतं हो, डॉक्टर. आता एवढ्या वर्षांचं करू काय?"