शेजारचा मंत्री आणि नऊच्या बातम्या

जगात मंत्री होऊन गेलेली माणसं पोत्यानं असतील, पण रेडिओवरच्या बातम्या ऐकायला कोट-टाय घालून बसणारा मंत्री एकच, आणि तो इथं अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या घराला लागून, आपल्या लेकीकडे राहायचा. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाचा तो चार वेळा मंत्री झाला आणि चारही वेळा हाकलला गेला. तिकडे म्हणे कुणाला मंत्री केलं, कुणाला काढलं, हे आधी रेडिओ सांगतो. त्या माणसाला मागाहून कळतं. म्हणून तिकडच्या दुपारच्या बातम्यांना, म्हणजे आमच्या सकाळी नऊला, हा गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून, फोनवर रेडिओ लावून ताठ बसायचा. "रोज कोट कायको?" मी विचारलं. म्हणाला, "मांजी, एक बार पाजामे में मंत्री बना था. वो फोटो आज भी छपता है."

हो, हिंदी बोलायचा तो. लहानपणी त्याच्या गावच्या थिएटरात हिंदी सिनेमे लागायचे, त्यातून शिकलेला. त्यामुळे त्याला फक्त धमक्या, शपथा आणि कोर्टातली भाषणं येत. मिरच्या मागायला आला तरी कुंपणापाशी छाती काढून, "मांजी, मैं भीख नहीं, अपना हक मांगने आया हूं." मी चौथी शिकलेली, त्यानं चार खाती सांभाळलेली, आमचं सिनेमावर छान भागायचं. माझ्याच वयाचा असून मला मांजी म्हणायचा, ते मात्र मला कधी आवडलं नाही.

मंत्रिपदाच्या गोष्टी तो हिरवळीवर करून दाखवायचा. मासेमारी खातं मिळालं, तर होडीत पाय ठेवताच उलट्या. पुढे एकदा न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असताना रेडिओनं सांगितलं, लष्करानं सरकार घेतलं. न्हाव्यानं उरलेली अर्धी करायला नकार दिला आणि हा तसाच तुरुंगात गेला. सुटला तो थेट शिक्षणमंत्री. हे कसं, म्हटलं, तर "नए जज साहब, नया इन्साफ." उद्घाटनाची खोड तर जाता जाईना. कॉलनीत नवा बाक बसवला तरी ह्याचं भाषण. माझ्या वेलाचं पहिलं पडवळ दरवर्षी तोच कापायचा, माझ्याच कात्रीनं, आणि माझ्या सुनेला टाळ्या वाजवायला लावायचा. ती मीटिंग म्यूट करून वाजवायची.

यंदा वसंतात तिकडचं सरकार पुन्हा बदललं. मंत्री पहाटेपासूनच कोटात. त्याची लेक रडकुंडीला येऊन आमच्याकडे आली. तिचं बोलणं ऐकून सून मला म्हणाली, "आई, त्यांच्या हार्टचं ऑपरेशन झालंय. तिकडे गेले तर जिवंत परत येतील की नाही, याची तिला भीती वाटतेय. तुम्ही समजवा, तुमचं ऐकतात."

मी गेले आणि सरळ म्हटलं, "वहां मरेगा तुम. यहां बेटी है, दवाई है."

त्यानं कोटाच्या बाहीवरची धूळ झटकली. मग पहिल्यांदाच सिनेमात नसलेलं बोलला. "यहां मैं कौन, मांजी? पार्सल उठाने वाला बुड्ढा."

दारात येऊन पडलेली आमच्या घरची पार्सलं मीच उचलते.

नऊ वाजले. बातम्या इंग्रजीत भराभर चाललेल्या, मला ओ की ठो कळेना. एवढ्यात त्याचं ते आगगाडीएवढं नाव आलं. त्याच्या आधी मीच ओरडले, "आया, आया." तो उभा राहिला. पाणीपुरवठा खातं मिळालं, त्यानंच सांगितलं. मग कोटाचं वरचं बटण नीट लावलं आणि मला म्हणाला, "इजाज़त है?"

"जाव," मी म्हटलं. "गोळ्या लेके जाव."

त्याची लेक नंतर महिनाभर माझ्याकडे बघतही नव्हती.

आता नऊला ते स्टेशन मीच लावते. त्याला काढलं असेल तर परत येईल, असं मनात येतं. येऊ नये, पण येतं. परवा त्याचं नाव ऐकू आलं. मी सुनेला हाक मारून फोन तिच्या कानाला लावला.

"आई, कुठल्याशा गावात नळ सुरू केला त्यांनी. रिबन कापली."

"बरं," म्हटलं. मग मागे लाकडी डेकवर गेले आणि यंदाचं पहिलं पडवळ तोडलं. हातानंच.