एस्नार्टची उजवी बाजू

लुआंग्वा नदीकाठच्या त्या सफारीच्या तळावर एस्नार्ट चुलूला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती आमाई, म्हणजे आई. संध्याकाळी पाहुण्यांची उघडी गाडी रानात निघाली की चालकाशेजारची जागा तिची, आणि मांडीवर तो जड दिवा.

तरुणपणी नवऱ्याबरोबर मचाणावर बसून ती डबे बडवायची, मक्यातून हत्ती हाकलायची. नवरा गेल्यावर तळावर चादरी धुवायला लागली. एका संध्याकाळी दिवेवाला तापाने फणफणला आणि दिवा हिच्या हाती आला. तो तिने पुन्हा खाली ठेवलाच नाही. अंधारात डोळ्यांच्या दोन ठिणग्या चमकल्या की त्यांच्या रंगावरून, उंचीवरून ती प्राणी सांगे. हरीण असेल तर झोत लगेच खाली, कारण उजेडाने आंधळं झालेलं हरीण पुढच्या क्षणी कुणाचं तरी भक्ष्य होतं. बिबट्या असेल तर मात्र झोत कडेकडेने असा हळू आणायची, की जणू मोठा नट विंगेतून येतोय आणि त्याला घाई करायची कुणाची छाती नाही. मग मागे कॅमेऱ्यांची टकटक सुरू होई. काय ते मनगट होतं तिचं.

यंदाच्या पावसाळ्यापासून मात्र उजव्या डोळ्यावर, भांड्याला मक्याच्या पिठाची न्शिमा चिकटून वाळावी तसा पांढुरका पापुद्रा धरला होता. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर दिवा जाणार आणि आपण पुन्हा चादरींच्या ढिगापाशी, एवढंच तिला दिसत होतं. ती मान जास्त वळवू लागली.

"आमाई, आज सारखी मान फिरवतेयस. घुबडाशी सोयरीक केलीस की काय?" गाडी चालवणाऱ्या योटामने विचारलं.

"तू रस्त्याकडे बघ, लेका. मघाच्या खड्ड्याने माझे सगळे दात मोजून घेतले."

मागून योस्ट नावाचे उंच पाहुणे वाकले. आल्यापासून त्यांना बिबट्या दिसला नव्हता. "आमाई, आज तरी?"

"निरोप धाडलाय त्याला. पण तो कुणाचं ऐकतो?"

दिवस मावळला आणि नदीच्या वळणावर चहासाठी गाडी थांबली. इथे एक रीत होती. एस्नार्ट चहूबाजूंना झोत फिरवी, "मोकळं आहे" म्हणे, आणि मगच योटाम माणसं उतरवी. तिने झोत फिरवला. उजवीकडची झुडपं तिला नुसती करडी दिसली. तिथे काही नाही असं नव्हतं, तिला काही दिसलं नव्हतं. तरी तोंडातून शब्द गेलाच.

"मोकळं आहे."

योटाम मागच्या फळीवर कप मांडू लागला. योस्ट गळ्यात कॅमेरा अडकवून उजवीकडच्या झुडपाआड गेले, पुरुषमाणसं जातात तसे.

आणि तिला आवाज आला. गवत मुळापासून ओरबाडल्याचा. तिने मान पुरती वळवून डावा डोळा तिकडे लावला. झुडपापलीकडे अंधुक उजेडात पाणघोडा चरत होता. इकडे नदी, तिकडे तो, आणि मधे योस्ट.

दिवा धरलेला हात उचलला गेला आणि तसाच थांबला. झोत पाणघोड्यावर टाकला तर तो बिथरून थेट पाण्याकडे सुटणार, वाटेत आलेल्याला तुडवत. हाक मारली तर योस्ट ओरडून 'काय?' म्हणणार. शिवाय पहिल्याच संध्याकाळी तिनेच त्यांना पढवलं होतं, दिवा जिकडे जाईल तिकडे बघायचं, आवाज न करता. ते उजेडाच्या मागे जायला शिकले होते.

तिने झोत गाडीच्या पुढच्या चाकाशी नेला. बिबट्यासाठी नेते तसाच, सावकाश. तिथे सुकलेल्या गवताखेरीज काही नव्हतं. तिने कोपर मांडीला टेकवलं; झोत हलून चालणार नव्हता.

योस्ट झुडपाआडून निघाले. पॅन्ट सावरत, चवड्यांवर, कॅमेरा वर धरून उजेडाकडे आले.

"काय आहे?" ते कुजबुजले.

"अजून जवळ या."

"कुठे? मला काहीच दिसत नाही."

"गाडीत चढा. वरून दिसेल. सगळेच चढा."

सगळे चढले. योटाम हातात चहाची किटली घेऊन तिच्याकडे बघत राहिला, तेवढ्यात झुडपं मोडली. काळा डोंगर योस्ट उभे होते त्याच जागेवरून धाडधाड गेला आणि नदीत कोसळला.

योटाम गाडीत बसला, पण त्याने चावी फिरवली नाही.

"मागाहून आला असेल तो," तो हळूच म्हणाला.

हो म्हणायचं, की सगळं मिटलं असतं. त्याने विश्वास ठेवला असता.

"नाही," एस्नार्ट म्हणाली. "आधीपासून होता. मला उजवीकडचं दिसत नाही. पावसाळ्यापासून."

"पावसाळ्यापासून मी माणसं उतरवतोय, आमाई. तुझ्या शब्दावर."

"हो."

"काल त्या म्हातारीला उतरवलं. तिच्या नातवंडांना."

"हो, लेका."

योटामने तिच्या मांडीवरचा दिवा घेतला. तिची बोटं त्यावरून सुटायला वेळ लागला. मागून योस्ट विचारत होते, "पण चाकाशी होतं तरी काय?"

"तळावर पोचलो की सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते."

गाडी वळली. नदीचं वळण मागे पडल्यावर योटाम म्हणाला, "चिपाताला डोळ्यांचे डॉक्टर आहेत. उद्या उजाडताच निघू."

"आणि दिवा?"

त्याने समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.

"राहू दे माझ्या पायाशी. डॉक्टर काय म्हणतात ते आधी ऐकू."