वल्ह्याची जागा

घरतभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते डोक्यावर ओला टॉवेल घेऊन गाडीत बसलेले. एप्रिलचं ऊन, दुपारचे तीन. मी बिल्डिंगखाली खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया उलटायला बाहेर आले, तर खाटेला चिकटून उभ्या असलेल्या छोट्या पांढऱ्या गाडीतून आवाज आला, "वयनी, कुरडया काय पांढऱ्याशुभ्र आल्यात हो!"

"तुम्ही कोण? आणि उन्हात असे का बसलात?"

"बाळाराम घरत. पहिल्या माळ्यावर नवीन आलोय. उतरायचं होतं, पण तुमची खाट हाय ना दारात."

"कधीपासून बसलात?"

"झाला असंल एक तास."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी तळमजल्यावर राहते, गुडघ्यांमुळे गच्ची चढवत नाही. गाडीशेजारी चांगली खाटभर उन्हाची जागा रोज रिकामी दिसायची, म्हणून टाकली खाट आणि जाऊन झोपले. रिकामी जागा दिसली की आपल्याला करमत नाही ना!

मी खाट ओढता ओढता म्हटलं, "अहो, हॉर्न तरी वाजवायचा!"

"हॉर्न वाजवला असता तर तुमी खाट उचलली असती. उद्या परत टाकली असती. आता नाय टाकणार."

खरंच नाही टाकली. मग त्यांनी दार पूर्ण उघडलं, उजवा पाय काठीसारखा सरळ बाहेर काढला, मागच्या सीटवरून कुबड्या ओढल्या आणि उभे राहिले. डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला, उजवा गुडघा नोकरीत असताना पडून कायमचा आखडलेला. ब्रेक आणि वेग दोन्ही हाताने चालतील अशी गाडी त्यांनी करून घेतली होती. दार अर्धंच उघडलं तर तो सरळ पाय बाहेर निघायचाच नाही. आणि वाटेत गाडी थांबवून उतरले, तर मग ती जागेवर कोण लावणार?

त्यांचं घराणं उलव्याकडचं, खाडीवर मासेमारी करणारं. ते स्वतः उरणला बंदरात टाइमकीपर होते. विमानतळाच्या कामात गावातलं घर गेलं आणि ते आमच्या सुकापुरात राहायला आले. पण खाडी काही डोक्यातून गेली नव्हती. दाराशेजारच्या त्या मोकळ्या पट्ट्याला ते वल्ह्याची जागा म्हणायचे. मी विचारलं तर म्हणाले, "आमचा बापूस होडी लावताना शेजारच्या होडीला वल्हं मारायला जागा सोडायचा. होडी नुसती मावून काय उपेग? ती निघाली पायजे."

स्वतःच्या जागेबद्दल एवढा काटेकोर माणूस, पण हट्टी म्हणाल तर अजिबात नाही. एकदा मला डोळे तपासायला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे अपंगांसाठी राखलेली एकच जागा, नेमकी मोकळी. मी खूश! तेवढ्यात मागून एक गाडी आली, आत चाकाची खुर्ची आणि आईच्या मांडीवर मान टाकलेली मुलगी. भाऊंनी मुकाट्याने गाडी पुढे घेतली आणि पार टोकाला नेऊन लावली. तिथून कुबड्यांवर टक् टक् करत आले. मी आपली सगळा वेळ कुरकुरतेय, "अहो, जागा तुमच्याच हक्काची होती की!"

"वयनी, माजे पाय गेलेत, हात हायत. ज्याला हात पण नाय, त्याची जागा आधी. रांग सगळीकडं असते."

आणि दर शनिवारी हा माणूस गाडी काढून एकटा उलव्याला जायचा. तिकडे सगळीकडे खोदकाम आणि डंपर, पण एका वळणावर अजून खाडीचं पाणी दिसतं म्हणे. तिथे गाडीतच बसायचं, तासभर पाणी बघायचं, परत यायचं. "काय काम असतं?" म्हटलं तर, "काय नाय. भरती बघतो."

पुढच्या वर्षी आमच्या सोसायटीत गाड्या वाढल्या. सेक्रेटरी पाटणकर. माणूस वाईट नाही, पण कागदावर जे मावतं ते जमिनीवरही मावतं असं समजणारा. त्यांची स्वतःची नवी गाडीही आलेली. त्यांनी आठ गाड्यांच्या जागी नऊ गाड्यांचे पट्टे मारून घेतले. भाऊंच्या जागेमागच्या भिंतीवर चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेला निळा बोर्ड लावला आणि शेजारच्या वल्ह्याच्या जागेत नववी गाडी, म्हणजे स्वतःचीच, आणून लावली.

"बघा घरत, खास तुमच्यासाठी बोर्ड केलाय."

भाऊ म्हणाले, "बोर्ड झ्याक हाय साहेब. पण गाडीतून बोर्ड नाय उतरत, मी उतरतो."

पाटणकर हसले आणि गेले.

त्या शनिवारी पांढरी गाडी जागची हलली नाही. पुढच्याही शनिवारी नाही. मी वर गेले तर भाऊ खिडकीशी बसलेले. रोडपालीला राहणारा त्यांचा मुलगा आला होता, तो म्हणत होता, "बाबा, विकून टाका ना गाडी. मोबाइलवर टॅक्सी मागवत जाऊ आपण. उगाच कटकट."

मुलगा गेल्यावर भाऊ म्हणाले, "पोरगा वाईट नाय बोलत. पण टॅक्सीला आधी सांगायला लागतं, कुठं जायचं नि कशाला. भरती बघायला चाललोय म्हणून सांगू? एक डाव हसतील. दुसऱ्या डावाला मीच नाय जाणार."

मला रात्रभर ते शब्द टोचत राहिले. रविवारी सकाळी सगळे खाली गाड्या धुवत होते, तेव्हा मी लाटणं आणि परकराच्या दोन नाड्या घेऊन गेले. "पाटणकर, जरा भाऊंच्या गाडीत बसा बघू." भाऊ नको नको म्हणत होते, पण किल्ली मी आधीच मागून घेतली होती. पाटणकरांची गाडी थोडी मागे घ्यायला लावली, त्यांना आत बसवलं, उजव्या गुडघ्यामागे लाटणं ठेवून पाय सरळ बांधला आणि त्यांची गाडी परत होती तिथे लावून घेतली.

"हं, आता उतरा."

दार वीतभर उघडलं आणि त्यांच्याच नव्या गाडीला लागलं.

"अहो काकू, पाय निघत नाही!"

"मग वाकवा की."

"लाटणं बांधलंय, वाकणार कसा! सोडा आता!"

सगळी सोसायटी हसायला लागली. कुणी फोन काढले. पाटणकर घामाने भिजलेले, चेहरा लालबुंद. तेवढ्यात कुबडीचा आवाज आला. भाऊ पुढे झाले.

"हसू नका रे कोणी. पहिल्या खेपेला मी पण रडलो होतो."

फोन परत खिशात गेले. खरं सांगते, सगळ्यात आधी माझीच मान खाली गेली. भाऊंनी पाटणकरांची गाडी हलवून घेतली, स्वतः वाकून नाड्या सोडल्या आणि लाटणं माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "वयनी, चपातीचं लाटणं परत असल्या कामाला नाय काढायचं."

दुसऱ्या दिवशी रंगवाला आला. परत आठ पट्टे. नववी गाडी फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली, तीही पाटणकरांची. आणि शनिवारी पांढरी गाडी उलव्याला गेली. त्यानंतर तीन वर्षं, एक शनिवार चुकला नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाऊ झोपेतच गेले. मुलांनी गाडी विकली. जागा तशीच राहिली. मी म्हटलं, आता कुणाची तरी गाडी येईलच तिथे. पण पाटणकर त्या जागेचं नावच काढेनात.

या एप्रिलमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून लेकाने मागच्या सीटवर उजव्या दाराशी बसवून घरी आणलं, पाय सरळ, पट्ट्यांनी आवळलेला. लेकाने भाऊंच्या जागेवर गाडी लावली आणि मला उतरवायला येणार, तेवढ्यात कुणाकडे तरी आलेले एक पाहुणे शेजारच्या मोकळ्या पट्ट्यात गाडी घुसवायला लागले. वरून, बाल्कनीतून पाटणकर ओरडले, "ओ साहेब, तिथे नाही! ती वल्ह्याची जागा आहे!"

पाहुण्याने खिडकीतून मान बाहेर काढली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सुकापुरात बिल्डिंगखाली होडी कुठे दिसणार त्याला? पण गाडी मुकाट्याने मागे घेतली.

लेकाने दार पूर्ण उघडलं. मी पाय सरळ बाहेर काढला. कुठेही न लागता तो बाहेर आला, आणि तरीही पलीकडे कुरडयांची एक खाट बसेल एवढं ऊन उरलं होतं.